आमची चाल चोरणारा

तो गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका माणसाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होते. महाडला तहसील कचेरीच्या वाटेवर माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्जांचे कोरे नमुने, पेन. समोरच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बातम्या चालू होत्या. "एकेकाळच्या तरुणाईचा लाडका पॉप गायक..." एवढं कानावर पडलं आणि माझं बोट बटणावरच राहिलं. दोन प्रतींच्या जागी अकरा निघाल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, बास करा. जमीन एकच एकर आहे."

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी त्या वर्षांत दहावी-बारावी केली त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. टीव्हीवर तो कायम पांढरा ढगळ शर्ट घालून असायचा. शर्टाला बटणं होती, पण ती लावायची असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो वाळवंटात असो, नाहीतर समुद्रावर, वारा नेमका त्याच्या केसांपुरता यायचा. आणि एक मुलगी त्याच्यापासून सतत लांब पळत असायची. का पळायची ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मी असते तर पळाले नसते, असं मी अकरावीच्या जीवशास्त्राच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. तिथून अर्धा तास उतरायचं, मग एसटी धरून महाडच्या कॉलेजात यायचं, असा माझा रोजचा दिनक्रम. त्या एसटीत बसून मी आमच्या दोघांचा संसार थाटला होता. अडचण एकच दिसत होती. हा माणूस कोकणातला नसावा, तेव्हा त्याला दोन्ही वेळेला भात चालेल की चपात्या लाटाव्या लागतील? मला चपात्या गोल यायच्या नाहीत. यावर मी खरोखर विचार करायचे.

त्याची कॅसेट मी महाडच्या बाजारातून घेतली होती, आईने बांगड्यांसाठी दिलेल्या पैशांतून. बांगड्यांचं काय झालं म्हणून आईने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, कारण आईशी खोटं बोलून कधी कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बाबांच्या कानावर नको जायला."

बाबा म्हणजे आमच्या वाडीच्या भजनी मंडळाचे बुवा. पेटीवर बसायचे, गायचे, चाली लावायचे. शेती पोटापुरती, पण बुवा म्हणून त्यांचा मान पार खालच्या गावांपर्यंत. घरात एक टेपरेकॉर्डर होता, मुंबईच्या काकांनी दिलेला, आणि त्यावर फक्त देवाचंच लागायचं असा बाबांचा कायदा. त्यामुळे माझी कॅसेट नाचणीच्या कणगीत राहायची. बाबा शेतावर गेले की मी कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढायचे, आवाज बारीक करून ऐकायचे, आणि परत नाचणीत पुरायचे. आई दारात बसून तांदूळ निवडायची. बाबा बांधावर दिसले की ती खोकायची. त्या वर्षी तिला एवढा खोकला झाला की बाबांनी तिला डॉक्टरकडे नेलं.

नाचणीचा दाणा मोहरीएवढा. एक दाणा कॅसेटमध्ये शिरला आणि त्याने टेपला एका जागी चुणी पाडली. नेमकी गाण्यातल्या सगळ्यात गोड ओळीत. तो आवाज चढवत वर यायचा, तिथे क्षणभर अडखळायचा आणि मग एकदम मोकळा सुटायचा. पहिल्यांदा मी रडले. पण शंभर वेळा ऐकल्यावर मला ते अडखळणं गाण्यातलंच वाटायला लागलं. कामं करताना मी तेच गुणगुणायचे, अडखळण्यासकट.

त्याच सुमाराला बाबांवर संकट आलं होतं. नवरात्रात आमच्या गावदेवीच्या देवळात प्रत्येक वाडीच्या मंडळाला एकेक दिवस भजनाला मिळतो. खालच्या वाडीच्या बुवांनी आदल्या वर्षी नवा गजर आणून आम्हाला झोपवलं होतं. गजर म्हणजे भजनाच्या शेवटी सगळे मिळून, टाळ-झांजा तापवून म्हणतात तो. आमच्याकडे लोक खरं तर त्याच्यासाठीच भजनाला बसून राहतात. बाबांचा गजर पंधरा वर्षांचा झाला होता. नवी चाल सुचेना. ते जेवताना गप्प, बैलाशी गप्प, आईशी तर आधीपासूनच गप्प.

आणि एका सकाळी ते दुधाची चरवी घेऊन गोठ्यातून आले ते चेहरा उजळूनच. चरवी खाली न ठेवताच म्हणाले, "सुचली! गावदेवीनं दिलान! दूध काढता काढता आपसूक आली." पेटी ओढली आणि गायला लागले.

माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत गेली. ते माझं गाणं होतं. जिथे त्याने त्या पळणाऱ्या मुलीसाठी उसासा टाकला होता तिथे बाबांनी देवीची पावलं आणली होती, आणि त्या गोड ओळीत, नेमक्या त्याच जागी, बाबा अडखळले आणि मोकळे सुटले.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाबा बाहेर गेल्यावर ती कुजबुजली, "गप ऱ्हा गो. इतक्या वरसांनी चाल सुचलेय माणसाला. त्याचीच हाय म्हनून समज."

आमचं स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत होती. काय झालं होतं ते मला आणि आईला लगेच कळलं. बाबांना कळण्याचं कारण नव्हतं. सकाळच्या वेळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा, फुंकणीचा आणि बायकांचा आवाज येतच असतो. तो कुणी ऐकत नाही.

नवरात्रात त्या गजराने देऊळ हललं. खालच्या वाडीचे बुवा मान खाली घालून टाळ वाजवत होते. त्या अडखळण्याला लोकांनी नाव दिलं, बुवांचा खटका. म्हातारी माणसं म्हणायची, खटका शिकून येत नाही, तो रक्तात असावा लागतो. माझ्या मते तो नाचणीत असावा लागतो, पण मी गप्प राहिले. पुढे मुंबईला असलेल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने पूजेला बाबांना बोलावून नेलं. मोठ्या हॉलमध्ये भजन झालं. बाबा शाल घेऊन परत आले.

इथवर सगळं गोडच होतं. मग शेजारच्या घरात लग्न निघालं आणि हळदीला पोलादपूरहून मोठे स्पीकर आले. मंडपात बाबा मानाने खुर्चीवर बसले होते, अडकित्त्यात सुपारी. आणि स्पीकरवर त्याचं गाणं लागलं.

बाबा ताडकन उठले. सुपारी घरंगळत गेली. "ही माझी चाल हाय! बंद करा! माझी चाल चोरलान कुणीतरी!"

मंडपातल्या सगळ्यांनी कान दिला आणि सगळ्यांना पटलं. वाडीत तेव्हा टीव्ही नव्हता, तो मी महाडला बघायचे. आमच्या वाडीने ती चाल पहिल्यांदा ऐकली ती बाबांच्या तोंडून, मग मूळ कुणाचं हे वेगळं सांगायला नको. मुंबईहून आलेला एक पुतण्या म्हणाला, "काका, हा कॉपीराइटचा मॅटर हाय. सीधा केस ठोकायची." कुणाला तरी आठवलं की मुंबईच्या त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत एक लांब केसांचा अनोळखी माणूस बसला होता. तो मांडववाल्याचा माणूस होता आणि जेवणाची वाट बघत होता, पण पुराव्यापुढे कोण बोलणार? बाबांना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ते परत परत म्हणत होते, "चोरलान ती चोरलान, पन खटका गाळलान! जमला नाय त्याला!"

केस कुणी ठोकली नाही. कोर्ट महाडला आणि गावदेवी दोन मिनिटांवर. आमच्याकडे अन्याय झाला की देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, मानकऱ्याने मोठ्याने तक्रार सांगायची, आणि जमलेल्यांनी एका सुरात होकार भरायचा. पुढचं देवी बघते. त्या सोमवारी अख्खी वाडी देवळात जमली. मानकऱ्याने बाबांच्या वतीने सांगितलं, "आये, ज्यानं आमच्या बुवांची चाल चोरली असेल, त्याचा गळा बसू दे." सगळे होय म्हणाले. बायकांच्या घोळक्यात मी उभी होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, आये, यांचं काही मनावर घेऊ नकोस.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. कॅसेट बाहेर आली असती तर आईची धडगत नव्हती, आणि मला कॉलेजात पाठवून काय मिळालं ही चर्चा घरात आधीच दोनदा झाली होती. मला कॉलेज सोडायचं नव्हतं. एका लांबच्या गायकाचा गळा आणि माझी बारावी, यात मी बारावी निवडली. प्रेम प्रेम म्हणतात ते एवढंच.

आणि झालं काय, दोन-तीन वर्षांत त्याचा गळा नाही तरी धंदा बसला तो खरोखरच बसला. नव्या कॅसेट चालेनात. टीव्हीवर दुसरी पोरं आली, त्यांचेही शर्ट उघडे. बाबा समाधानाने म्हणायचे, "देवी हाय." पण त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. कधीतरी एखाद्या कार्यक्रमात तो पाहुणा म्हणून यायचा, अंगाने सुटलेला, केस मागे गेलेला. बाबा टीव्हीच्या पुढ्यात सरकून बसायचे. "पैसं नसतील आता. बघ, तोच कोट घातलान." मी ज्याला मनाने नवरा केलं होतं त्याच्याकडे बाबा अगदी सासऱ्याच्या नजरेने बघायचे. माझं लग्न झालं, मी महाडला आले. नवरा भला माणूस, आरतीतसुद्धा तोंड हलवतो, आवाज काढत नाही. कॅसेट मी बरोबर आणली होती. ती दुकानातल्या कपाटात असायची, मागच्या पुरात चिखलात गेली. आई त्याआधीच गेली होती. आता ही गोष्ट जाणणारी मी एकटीच उरले होते आणि मला ती जवळजवळ गंमत वाटायला लागली होती.

बातमीनंतर तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमी येऊन जावा. बाबा जेवत नायत. टीव्हीवर तो गानेवाला गेला दाखवलान ना, तेवापासून नुसता चहा. म्हनतात मीच मारला त्याला."

"काय?"

"त्याला म्हने घशाचा दुखना होता. बाबा म्हनतात, गाऱ्हाना घातलेला ना आपन."

मी दुकान नवऱ्याकडे सोपवून एसटी धरली. पोलादपूरला उतरून रिक्षाने वर. वाटेत हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. बाबांचं वय ब्याऐंशी. या वयात तीन दिवस पोटात काही नसणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. सोडवायचा उपाय माझ्याकडेच होता, खरं सांगून टाकायचं. पण खरं सांगितलं तर चाल जाणार. आणि चाल गेली तर बाबांकडे राहणार काय? जमिनीचा तुकडा भाऊ कसतो, आई नाही, आणि आवाज सात-आठ वर्षांपूर्वीच बसला होता. बोलणं घोगरं, गाणं बंद. तेव्हापासून ते फक्त पेटी धरतात आणि तरुण पोरगा बुवा म्हणून गातो. अजूनही प्रत्येक नवरात्रात लोक म्हणतात, आता बुवांचा गजर होऊ द्या. तेवढं एक त्यांचं होतं. ते मी काढून घ्यायला निघाले होते.

घरी पोचले तर दारातच पेटी ठेवलेली, चादरीत बांधून. वहिनी म्हणाली, "खालच्या वाडीच्या मंडळाला देऊन टाक म्हनालेत." खालच्या वाडीला!

बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

"बाबा, जेवत का नाही?"

"मानूस मारलाय मी. जेवू कसा?"

"घशाचं दुखणं कुणालाही होतं. असं बोलल्याने कुणी मरत नाही."

"गळाच मागितलेला गो आपन. गळाच गेला त्याचा." घोगऱ्या आवाजात ते एकेक शब्द ओढत होते. "काल गेलो मी मानकऱ्याकडं, गाऱ्हाना मागं घ्यायला. तो म्हनतो, मानूस जिवंत असता तर घेतला असता."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बाबांना दोनदाच रडताना पाहिलं होतं, आई गेली तेव्हा आणि पांढरा बैल गेला तेव्हा. मग मी पुढे काही तोलून बघितलं नाही. खाली बसले आणि सगळं सांगितलं. बांगड्यांचे पैसे, कॅसेट, कणगी, आईचा खोकला. "त्याने तुमची चाल नाही चोरली, बाबा. त्याचं गाणं आधीचं आहे. गाऱ्हाणं त्याला लागणारच नाही, चोर तो नव्हताच."

बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला वाचवायला खोटा बोलतेस. तुझी आईस पन अशीच होती."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात अवघड खरं बोलावं आणि ते खोटं म्हणून परत यावं. कॅसेट पुरात गेलेली, साक्षीदार देवाघरी. मोबाइलवर गाण्याचं साल दाखवलं तर म्हणाले, मोबाइलवर काय पन लिवतात.

शेवटी मी म्हटलं, "बाबा, तो खटका कुणाचा?"

"माझा."

"त्याच्या गाण्यात आहे?"

"नाय. त्याला जमला नाय, मंडपातच सांगितला मी."

"मग ऐका. माझ्या कॅसेटमध्ये नाचणीचा दाणा गेला होता. टेप तिथेच अडकायची. मी तसंच म्हणायचे." आणि मी ती ओळ म्हणून दाखवली, त्याच्या शब्दांत, अडखळले, सुटले. "तो खटका नाही, बाबा. नाचणी आहे ती."

दारात उभ्या वहिनीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. बोटं गुडघ्यावर वाजत होती, पेटीवर वाजतात तशी, ती ओळ ते मनात फिरवून बघत असावेत. दोनदा, तीनदा. मग बोटं थांबली.

"म्हंजे मी नाय मारला त्याला."

"नाही."

"आनि चोर मी."

घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "गाऱ्हाना काय घातलेला? ज्यानं चोरली त्याचा गळा बसू दे. मग बसला की." त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. "देवीचा नेम कुठं चुकला? उगाच तिला बोल लावत होतो." आणि ते हसायला लागले, तो फाटका आवाज, खोकला, पुन्हा हसू. वहिनीने तेवढ्यात ताट पुढे आणलं. भात, कुळथाचं पिठलं, सुकटीची चटणी. तीन दिवसांची कसर त्यांनी भरून काढली आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला. माझा जीव भांड्यात पडला. चाल गेली ती एवढ्या स्वस्तात गेली म्हणून मी देवीला हात जोडले.

हात धुऊन ते परत पडवीत आले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पन एक सांग. ती कॅसेट मी कवा ऐकलीच नाय. मग चाल माझ्या कानात शिरली कुठनं?"

"मी गुणगुणायचे ना चुलीपुढे. तुम्ही पलीकडे दूध काढायचात."

अडकित्ता थांबला.

"म्हंजे मी ऐकला तो तुझा गळा."

"चाल त्याची होती, बाबा."

"त्याला मी कुठं ऐकला? मी तुला ऐकला. ऐकून मला वाटला देवीच देतेय." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुला बघायला मानसं आलेली, तवा त्यांनी इचारला, मुलीला गाना येतो काय. मी काय बोललो, आठवतो?"

मला आठवत होतं. बाबा म्हणाले होते, छे, तिला गाना-बिना काय येत नाय. मी पोह्यांचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मलाही ते खरंच वाटत होतं. घरात बुवा होता, पेटी होती, रोज संध्याकाळी सूर लागायचा, आणि मी चहाचे कप नेऊन ठेवायचे. मला कुणी म्हटलं नाही की बस. मीही म्हटलं नाही की बसते. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी पडवीत बसून मला त्याचा एकदम राग आला, बाबांचा, आईचा आणि माझाही, आणि मी पदराने तोंड पुसत राहिले.

"चांगला होता गो गळा तुझा," बाबा म्हणाले. "लय चांगला होता."

संध्याकाळी त्यांनी माणसं जमवायला भावाला धाडलं. पेटीची चादर सोडली आणि ती खालच्या वाडीऐवजी देवळात नेली. मानकरी आला, मंडळ आलं, बायका आल्या. बाबांनी स्वतः नारळ ठेवला आणि त्या घोगऱ्या आवाजात, कुणालाही मध्ये न घेता, देवीला सांगितलं की तो गेलेला माणूस चोर नव्हता, चाल त्याची होती, आणि आपण त्याला तीस वर्षं शिव्या दिल्या त्या माघारी घ्याव्यात. होय म्हणायला सगळ्यांना जरा वेळ लागला. एक म्हातारा तर म्हणालाच, "मग इतकी वरसं आपन देवीपुढं प्रेमाचा गाना म्हनलाव?" बायका हसल्या. देवीचा चेहरा नेहमीसारखाच होता.

मग बाबा पेटीपाशी बसले आणि मला शेजारी बोलावलं. बुवाच्या जागेवर. तरुण बुवा सरकून बसला.

"गा."

"बाबा, माझा आता कुठला..."

"गा. त्याचेच शब्द गा. तो गेलाय, त्याला त्याचा पोचू दे."

आमच्या मंडळात गजराआधी चाल कुणाची ते मोठ्याने सांगायची रीत आहे. तरुण बुवा गोंधळला. "बुवा, आता नाव कुनाचा घ्यायचा?"

"पयला त्याचा घे. मग माझ्या पोरीचा."

"आनि तुमचा?"

"माझा कशाला?" बाबा भाता ओढत म्हणाले. "मी नुसता भिंतीपल्याड होतो."

आणि त्यांनी मला सूर दिला.